थंडीतला शांत किनारा ब्लॅक अँड व्हाइट रोलवर करडा का येतो?

प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत गुहागरला एचपी ५ चे (इलफर्ड कंपनीची ४०० वेगाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) दोन रोल काढले. सकाळी किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, समुद्र संथ होता, हवेत जरा धुरकटपणा होता. उभं राहून बघताना जे भारावून टाकत होतं, ते स्कॅनमध्ये नुसतं करडं आलं. वाळू मळकट, आकाश कोरं, समुद्राची एक पट्टी. आता लाल फिल्टर घ्यावा, जास्त कॉन्ट्रास्टची फिल्म वापरावी, की सरळ मीडियम फॉरमॅट (मोठ्या निगेटिव्हचा) कॅमेरा घ्यावा?

माझं मत आधीच सांगते. या तिन्हींतलं काहीही आत्ता विकत घेऊ नका. थंडीतल्या शांत किनाऱ्याचं चित्र उभं राहतं तेच मुळी करड्या छटांमधल्या बारीक फरकांवर. कोरडी वाळू, ओली वाळू, पाण्याचा पातळ थर, फेस, दूरचं पाणी आणि आकाश, या सगळ्यांत एकेका स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड), कधी अर्ध्याच स्टॉपचा फरक असतो. ते फरक तुमच्या निगेटिव्हवर उतरले नाहीत, किंवा उतरूनही स्कॅनमध्ये हरवले. लाल फिल्टर लावून आकाश काळं करता येईल, चित्र जोरकसही दिसेल, पण ज्या शांतपणासाठी तुम्ही पहाटे उठून गेलात तो त्यात सापडणार नाही.

तुमच्या कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर कसा आहे, रोल घरी धुतले की लॅबमध्ये, स्कॅन कोणी केले, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे. म्हणून आधी निगेटिव्ह बघा. खिडकीशी धरा किंवा मोबाइलचा पांढरा स्क्रीन मागे ठेवा. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. ते ठसठशीत काळे असतील तर डेव्हलपिंग बहुतेक ठीक झालंय. फिकट, पुसट असतील तर रोल कमी धुतला गेलाय. मग दृश्यातली सगळ्यात गडद जागा शोधा, म्हणजे सुरूच्या बुंध्याची सावलीची बाजू किंवा होडीची पोटाकडची फळी. ती जागा निगेटिव्हवर फिल्मच्या कडेइतकीच पारदर्शक दिसत असेल तर एक्सपोजर, म्हणजे फिल्मला मिळालेला उजेड, कमी पडलंय, आणि तिथे पुढे कोणी काहीही करू शकत नाही. तिथे तपशील दिसत असेल आणि वाळूही निगेटिव्हवर छान दाट असेल, तर तुमचं काम चोख आहे, गोंधळ स्कॅनरने केलाय. लॅबचा स्कॅनर ऑटोवर असला की सगळी फ्रेम सरासरीला आणून मध्यम करडी करून देतो. अशा वेळी नव्या रोलची नाही, नव्या स्कॅनची गरज असते.

बहुतेक वेळा मात्र एक्सपोजरच कमी पडलेलं आढळतं. कॅमेऱ्यातला मीटर समोर जे असेल ते मध्यम करडं आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारं आहे, असं गृहीत धरून आकडा देतो. किनाऱ्यावर फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग उजळ वाळू आणि आकाशाने भरलेला असतो. मीटर त्या उजेडाला करड्यात ओढतो आणि सावल्या उपाशी राहतात.

रत्नागिरीत हे एका सकाळीच पडताळून बघता येतं. भगवती किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. नावं वाळूवरूनच पडलेली. इथल्या किनारपट्टीच्या वाळूत इल्मेनाइटसारखी काळी जड खनिजं आहेत, ती जिथे साठतात तिथे वाळू काळीकुट्ट दिसते. दोन्हीकडे नुसती वाळू भरून एकेक फ्रेम घ्या, मीटर सांगेल त्याच आकड्याने. रोल धुतल्यावर दोन्ही वाळू जवळजवळ सारख्याच करड्या आलेल्या दिसतील. मग पांढऱ्या वाळूला एक ते दीड स्टॉप जास्त आणि काळ्या वाळूला एक स्टॉप कमी देऊन पुन्हा काढा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून करायला लावते, कारण त्यानंतर मीटरच्या आकड्याकडे आदेश म्हणून बघायची सवय कायमची सुटते.

मी स्वतः कसं मोजते ते सांगते. ज्या गडद जागेत मला तपशील हवाय तिथे, समजा सुरूच्या बुंध्यावर, जवळ जाऊन मीटर धरते आणि येईल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी देते. अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९३९-४० च्या सुमारास मांडलेल्या झोन सिस्टिमप्रमाणे (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेका स्टॉपच्या पायऱ्या, मध्यम करडा पाचवी) ती जागा तिसऱ्या झोनमध्ये जाते, म्हणजे गडद पण जिवंत. मग कोरडी वाळू मोजते. धुरकट पहाटे बुंधा आणि वाळू यांत जेमतेम तीन स्टॉपचं अंतर निघतं. संध्याकाळी सूर्यासमोर उभं राहिलं की तेच अंतर सहा-सात स्टॉपवर जातं. म्हणजे गडद जागा तीच, जागच्या जागी ठेवली, तरी वाळू सकाळी सहाव्या झोनमध्ये मरगळते आणि संध्याकाळी नवव्यात जाऊन करपते. ही वाळू हवी तिथे आणायचं काम एक्सपोजरचं नाही, डेव्हलपिंगचं आहे. सकाळचा रोल जास्त वेळ धुवायचा, संध्याकाळचा कमी.

अर्थात रोलमधली प्रत्येक फ्रेम वेगळी धुता येत नाही. म्हणून एका रोलवर एकाच जातीचा उजेड ठेवायचा, हा माझा पक्का नियम आहे. पहाटेचा रोल संपला नाही तरी तो गुंडाळायचा आणि संध्याकाळी दुसरा घालायचा. फिल्मच्या आजच्या किमती बघता हे जिवावर येतं, मला कळतं. त्यावर उपाय म्हणजे शंभर फुटी डबा आणून घरी रोल भरणं. त्यात छत्तीसचे साधारण अठरा रोल निघतात, आणि मुख्य म्हणजे पंधरा-सोळा फ्रेमचे आखूड रोल भरता येतात. एका सकाळीला तेवढे पुरतात.

तुमच्याकडे स्पॉट मीटर (एका लहान जागेचाच उजेड मोजणारा) नसेल आणि एवढं मोजत बसायचं नसेल, तर एचपी ५ साठी मीटरवर फिल्मचा वेग (आयएसओ) ४०० ऐवजी २०० लावा आणि मीटर वाळूकडे न वळवता किनाऱ्यालगतच्या झाडीकडे वळवून आकडा घ्या. ढोबळ रीत आहे, पण सावल्या वाचतात. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह एखादा स्टॉप जास्त झालेला आनंदाने सोसते, कमी झालेला सोसत नाही.

धुण्याचे आकडे देते, पण ते सुरुवातीचा ठोकताळा म्हणून घ्या. आयडी-११ डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० अंशांना, ४०० ला काढलेल्या एचपी ५ साठी इलफर्ड १३ मिनिटं सांगते. धुरकट पहाटेच्या रोलला मी १६ मिनिटांपर्यंत जाते. संध्याकाळचा समोरच्या उजेडातला रोल २०० ला काढलेला असला तर १० मिनिटांच्या आसपास थांबते. इथे एक गोष्ट विसरू नका: आपल्याकडे जानेवारीतही नळाचं पाणी २४-२५ अंशांवर असतं. २४ अंशांना १३ मिनिटांचं काम साधारण ९ मिनिटांत होतं. बर्फ घालून २० वर आणायची धडपड करण्यापेक्षा डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी सगळं २४ वरच ठेवा आणि वेळ कमी करा. तापमान कुठलंही धरा, पण प्रत्येक रोलला तेच धरा. नाहीतर काय बदलल्यामुळे काय सुधारलं हे कधीच कळणार नाही.

रोल लॅबमध्ये देत असाल तर वेळ वाढवून धुतील का, हे आधी विचारा. काही ठिकाणी सगळ्यांचे रोल एकाच टाकीत जातात. तसं असेल तर सगळा भर एक्सपोजर आणि वेळेच्या निवडीवर द्यावा लागेल.

वेळेची निवड हा माझ्या दृष्टीने यातला सगळ्यात मोठा भाग. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि पाठीशी माडा-सुरूंची रांग. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, पण झाडांवरून वाळूवर यायला त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ किनारा सावलीत आणि दूरचं पाणी मात्र उजेडात असतं. तुमच्या वर्णनावरून तुम्ही याच वेळात फोटो काढले असावेत. हा उजेड सुंदर असतो, पण त्याला सावल्या नसतात, त्यामुळे त्यात आकारांवर चालणारं चित्रच टिकतं. वाळूच्या पोतावर चालणारं चित्र हवं असेल तर ऊन वाळूवर पोचायची वाट बघावी लागते. शिवाय थंडीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, बराच आग्नेयेकडे सरकलेला असतो, आणि मावळतोही नैर्ऋत्येकडे. त्यामुळे सरळ समुद्राकडे बघण्यापेक्षा किनाऱ्याच्या कडेने उत्तरेकडे बघितलं तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा उजेड थोडा बाजूने मिळतो. उन्हाळ्यात हे जमत नाही.

भरती-ओहोटीचं गणित तिथीवरून करा. कोकणात सगळ्यांना माहीत असलेला हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यापासून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या पहाटे गेलात तर पाणी वर चढलेलं, आणि तेही भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, सुस्त. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर पहाटे पाणी खूप आत गेलेलं असतं आणि मागे ओल्या, कडक वाळूचा भलामोठा पट्टा उघडा पडतो. तो पट्टा आरशासारखा आकाशाचा उजेड घेतो. तुम्हाला हव्या असलेल्या चित्राचा निम्मा माल त्या पट्ट्यात आहे. जागोजागी वेळ थोडी मागेपुढे होते, तेव्हा नेमकी वेळ तक्त्यात बघा, पण सुट्टीच्या तारखा ठरवायला कॅलेंडरवरची तिथी पुरते.

वाऱ्याचंही तसंच. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. लाटा दबलेल्या असतात आणि लेन्सवर तुषार येत नाहीत. दुपारकडे खारा वारा सुरू झाला की दर थोड्या वेळाने फिल्टरवर मिठाचा पातळ थर बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण कॉन्ट्रास्ट खातो. तुमच्या काही फ्रेम दुपारच्या असतील तर करडेपणाचं एक कारण हेही असू शकतं.

आता चित्रात काय ठेवायचं. रिकामा किनारा डोळ्यांना शांत वाटतो कारण तिथे लाटेचा आवाज असतो, गारवा असतो, पायाखाली वाळू असते. फोटोत यातलं काही नसतं. म्हणून नजर टेकायला एक तरी गोष्ट लागते, आणि ती लहान असलेली बरी. रोवलेली काठी, ओढून ठेवलेली होडी, थंडीत येणारे कुरव, ओहोटीच्या पाण्याने वाळूत कोरलेली ओघळाची रेघ. एकच ठेवा. दोन ठेवल्या की त्या एकमेकींशी बोलायला लागतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात ते खेकड्यांनी काढून ठेवलेले वाळूचे गोळे. पाणी ओसरलं की करंगळीच्या नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, ओली वाळू तोंडातून फिरवून त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची बारीक गोळी मागे टाकतात. बिळापासून बाहेरच्या दिशेने या गोळ्यांच्या ओळी पसरत जातात. मधून एक अरुंद वाट मोकळी राहते, खेकड्याची जायची-यायची. ऊन येण्याआधी तुम्ही यांच्यावरून चालत गेलात तरी लक्षात येणार नाही, कारण गोळी आणि वाळू एकाच छटेची. माडांवरून पहिलं तिरपं ऊन आलं की प्रत्येक गोळीला स्वतःच्या कितीतरी पट लांब सावली फुटते आणि अख्खा पट्टा अचानक कोरल्यासारखा उभा राहतो. गुडघ्याएवढ्या उंचीवर ट्रायपॉड, २८ मिमी लेन्स, एफ ११, फोकस अडीच मीटरवर. यात सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मीटर गोळ्यांच्या सावलीच्या भागावर धरता येत नाही इतका तो लहान असतो, म्हणून ऊन पडलेली ओली वाळू मोजते आणि अर्धा स्टॉप जास्त देते. ऊन वर चढलं की सावल्या आखडतात, आणि पुढची भरती सगळं पुसून नेते. गावातून थेट किनाऱ्यावर पोचून झरझर पुढे निघालात तर हे हातचं जातं. एका जागी बसा.

बसायच्या जागेबद्दल एक सांगायलाच हवं. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर घरटी होतात. अंधारात पोचत असाल तर टॉर्च वाळूवर फिरवू नका, फ्लॅश अजिबात नको, आणि जाळी लावून राखलेल्या जागेपासून लांब राहा. कासवाच्या येण्या-जाण्याची रुंद माग दिसली तर तिथे संरक्षणाचं काम करणाऱ्या गावातल्या लोकांना कळवा. फोटो नंतर.

फिल्टरचं आता थोडक्यात. पिवळा घ्या, एक स्टॉप खातो, आकाशाला हलकी छटा देतो आणि धुरकटपणा थोडाच कापतो. नारिंगी दीड-दोन स्टॉप, लाल तीन स्टॉप. लाल फिल्टर निळं आकाश काळं करतो, पण धुरकट पांढऱ्या आकाशावर त्याचा फारसा परिणामच होत नाही, कारण तिथे कापायला निळं नसतं. मग तीन स्टॉप वाया जातात आणि हाती काही येत नाही. शिवाय दूरचं टेकाड धुरकटपणात विरत जाणं, हेच थंडीतल्या किनाऱ्यावर खोलीचं एकमेव साधन आहे. ते कशाला कापायचं? जिथे जांभ्याचे कातळ आहेत तिथे मात्र फिल्टर जपून वापरा. लाल-नारिंगीने जांभा उजळ होतो, आणि लाल रंग न टिपणाऱ्या ऑर्थो फिल्मवर तोच जांभा जवळजवळ काळा येतो.

फिल्म बदलायचीच असेल तर कॉन्ट्रास्टसाठी नको, दाण्यासाठी बदला. कोऱ्या आकाशात एचपी ५ चा दाणा स्कॅनमध्ये उठून दिसतो. एफपी ४ किंवा डेल्टा १०० या कमी वेगाच्या, बारीक दाण्याच्या फिल्मवर आकाशाची छटा जास्त सलग येते. त्यासाठी ट्रायपॉड लागेल, आणि ट्रायपॉड ओल्या वाळूत हळूहळू खचतो, तेव्हा पाय दाबून रोवा आणि लाट येऊन गेल्यावर पुन्हा क्षितिज तपासा. मीडियम फॉरमॅटने छटा आणखी मऊ होतात हे खरं, पण कमी एक्सपोजर झालेली मोठी निगेटिव्हही कमी एक्सपोजर झालेलीच असते.

लांब एक्सपोजर देऊन समुद्राचं दूध करायचा मोह होईल. मला ते मनापासून पटत नाही. थंडीतल्या लाटा आधीच लहान असतात, त्या पुसल्या की पाण्याची ओळखच जाते. अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी ठेवला तर परतणाऱ्या पाण्याच्या रेघा राहतात. तरीही करायचं असेल तर लक्षात घ्या, फिल्म लांब एक्सपोजरला मंदावते. मीटर १० सेकंद म्हणत असेल तर एचपी ५ ला साधारण २० द्यावे लागतात, आणि ३० म्हणत असेल तर ८५ च्या आसपास. हा हिशोब न केल्यानेही करडी, पातळ निगेटिव्ह येते.

रोल बदलताना वाऱ्याकडे पाठ करा आणि शक्यतो कॅमेरा पिशवीत धरून बदला. वाळूचा एक कण प्रेशर प्लेटवर (फिल्म मागून दाबून धरणारी पट्टी) बसला तर सगळ्या रोलवर एक लांब ओरखडा येतो. एसी खोलीतून निघत असाल तर कॅमेरा आधी अर्धा तास बाहेर ठेवा, म्हणजे काचेवर बाष्प धरणार नाही.

लॅबला पुढच्या वेळी सांगा की स्कॅन फ्लॅट हवेत, ऑटो कॉन्ट्रास्ट बंद, १६ बिट टिफ. मग घरी कोरडी वाळू उजळ करा, पण तिच्यातला कण दिसेल इतपतच, आणि बुंध्याची सावली खाली न्या. मधल्या छटांना हात लावू नका. आणि त्याआधी तुमच्या त्या दोन रोलमधल्या दोन-तीन फ्रेम खिडकीशी धरून मोबाइलने फोटो काढा, फिल्मची कड आणि आकडे दिसतील असे, आणि इथे टाका. एक्सपोजर चुकलं, धुणं कमी पडलं की स्कॅनर आडवा आला, हे निगेटिव्ह बघून नेमकं सांगता येईल, आणि तुमच्या पुढच्या रोलसाठी वेळ किती धरायचा हेही.